संकेश्वर परराज्यात आहे, वहिनी!

दिवाळी संपली. फराळाचे डबे घासून फळीवर गेले आणि आमच्या छोट्याशा ऑफिसात नेहमीप्रमाणे माणसं यायला लागली. पूर्वी येताना पिशवीत बिलबुकं असायची, आता हातात मोबाईल असतो. "जरा बघा की, ह्यात काय मेसेज आलाय" एवढंच म्हणतात आणि फोन माझ्यापुढं सरकवतात.

मी गडहिंग्लजमध्ये गेली बारा वर्षं लोकांची खाती लिहितो, रिटर्न भरतो. सीए नाही, साधा अकाउंटंट आहे. देशाच्या करधोरणावर बोलायला कुणी मला टीव्हीवर बोलावणार नाही. पण ऑनलाइन विकणाऱ्या लहान माणसांचा एकच प्रश्न गेली काही वर्षं मी इतक्या तोंडांनी ऐकलाय, की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आमच्या गल्लीत एक वहिनी आहेत. नाव लिहीत नाही, गडहिंग्लजकर ओळखतीलच. त्यांची कांदा-लसूण चटणी एकदा खाल्लेला माणूस दुसरी मागवतोच. मिरची संकेश्वरी, खोबरं भाजून, डंकावर कुटलेली. आधी शेजारीपाजारी, मग पुण्यातल्या पोरांच्या खोल्यांवर एसटीनं डबे, आणि २०२२ मध्ये त्यांच्या मुलानं त्यांना एका ऑनलाइन कंपनीच्या अ‍ॅपवर चढवलं. फूड लायसन्स झालं, लेबल झालं, वजनकाटा आला. कंपनीनं जीएसटी नंबर मागितला. वहिनी माझ्याकडे आल्या.

मी म्हटलं, "काढावाच लागेल, वहिनी. ऑनलाइन विकायचं तर पहिल्या रुपयापासून नंबर लागतो."

"पण भावजी, बाजारपेठेतल्या त्या दुकानदाराकडं न्हाई की नंबर. माझ्या चौपट विक्री हाय त्याची."

बरोबर होतं त्यांचं. फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. एप्रिल २०१९ पासून महाराष्ट्रात ही मर्यादा आहे. पण त्याच कायद्यात, म्हणजे २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्यात, कलम २४ आहे. त्यात लिहिलंय की काही लोकांना उलाढाल कितीही असो, नोंदणी करावीच लागेल. त्या यादीत दोन ओळी अशा आहेत, की आमच्यासारख्या हद्दीवरच्या गावाला त्या नेमक्या लागतात. एक, ऑनलाइन कंपनीच्या मंचावरून विकणारा. दुसरी, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकणारा.

तर नंबर काढला. घर सासऱ्यांच्या नावावर, म्हणून त्यांचं संमतीपत्र, लाइटबिल, आधार, फोटो. आठवड्याभरात नंबर आला. दीड-दोन वर्षं चटणी छान खपली. मग २०२४ मध्ये सासूबाई आजारी पडल्या. वहिनींनी अ‍ॅपवरचं दुकान बंद ठेवलं. आठ महिने एक पाकीट विकलं नाही आणि रिटर्नही भरलं नाही.

त्यांचं म्हणणं साधं होतं. विक्री नाही, मग टॅक्स कसला, आणि टॅक्स नाही तर रिटर्न कसलं?

कायद्याचं म्हणणं वेगळं आहे. नंबर आहे तोवर रिटर्न आहे. विक्री शून्य असेल तर शून्य लिहून भरायचं. नाही भरलं तर शून्य रिटर्नला दिवसाला २० रुपये, एका रिटर्नला कमाल ५०० रुपये विलंब शुल्क. आठ महिन्यांचे आठ रिटर्न, झाले ४,००० रुपये. सहा महिने सलग रिटर्न नसेल तर अधिकारी नोंदणीही रद्द करू शकतो. तशी नोटीस ई-मेलवर आली. ई-मेल मुलाच्या फोनवर होता आणि मुलगा हिंजवडीत. नोंदणी रद्द झाली आणि मागोमाग अ‍ॅपवरचं खातंही बंद झालं.

"मी एक रुपयाची चटणी विकली न्हाई आणि चार हजार कशाचे, भावजी?"

या प्रश्नाला कायद्याचं उत्तर माझ्याकडे होतं. माणसाला देण्यासारखं नव्हतं. शिवाय यात माझीही चूक होती. शून्य रिटर्न भरावं लागतं हे मी त्यांना फोनवर एकदा सांगितलं होतं, पण घरात आजारपण आहे म्हणून पुन्हा विचारायला गेलो नाही. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम थोडा बदलला होता, तेव्हा त्यांना बोलावून समजवायला हवं होतं, तेही केलं नाही. ते ४,००० मी माझ्या फीमधून वळते केले. पण माझ्या ओळखीबाहेरच्या वहिनींचं काय?

आता मुद्द्याचं. या विषयात लोकांच्या डोक्यात जे गैरसमज बसलेत ते आधी काढू, मग सरकारशी भांडू. आपलं घर स्वच्छ नसेल तर भांडायला तोंड राहत नाही.

पहिला आणि सगळ्यात मोठा गैरसमज: "कंपनी टॅक्स कापून घेते, म्हणजे माझा टॅक्स भरला गेला."

नाही हो. कंपनी जे कापते ते टीसीएस. तुमच्या निव्वळ विक्रीवर, म्हणजे परत आलेला माल वजा करून, सध्या अर्धा टक्का. ऑक्टोबर २०१८ पासून १ टक्का कापायचे, १० जुलै २०२४ पासून अर्धा झाला. ही रक्कम कंपनी तुमच्या नंबरवर सरकारकडे जमा करते. तो तुमचा कर नाही, तुमच्या नावानं ठेवलेली आगाऊ रक्कम आहे. ती पोर्टलवर जाऊन तुम्ही स्वीकारली की तुमच्या रोख खात्यात येते, आणि मग कर भरताना वापरता येते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांनी ती कधी स्वीकारलेलीच नसते. स्वतःचे पैसे पोर्टलवर पडून आणि कर मात्र खिशातून भरतात.

खरा कर तुमच्या मालावरचा. चटणी-मसाल्याला आता ५ टक्के. एक हिशोब मांडतो, आकडे समजुतीसाठी धरलेत. महिन्याला कर सोडून ४०,००० रुपयांची चटणी विकली. त्यावर ५ टक्क्यांनी २,००० रुपये कर झाला. तो तुम्ही गिऱ्हाइकाकडून किमतीतच घेतलेला आहे, तो तुमचा नाही. कंपनीनं कमिशन आणि पोहोचवण्याचे मिळून ८,००० घेतले, त्यावर १८ टक्के म्हणजे १,४४० रुपये जीएसटी लावला. नोंदणी असेल आणि कंपनीच्या बिलावर तुमचा नंबर असेल, तर हे १,४४० तुम्हाला वजा मिळतात. राहिले ५६०. टीसीएसचे २०० रुपये आधीच जमा आहेत. हातानं भरायचे ३६०. एवढंच. (मूळ मालाच्या बिलांवरचा करही वजा मिळतो, तो इथं धरला नाही.)

बघा, रक्कम घाबरण्यासारखी नाही. कर लहान आहे, त्याच्याभोवतीचं कागदाचं कुंपण मोठं आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागेल.

दुसरा गैरसमज: "मेव्हण्याचा नंबर आहे, त्याच्यावर विकतो."

हे मी आमच्याच तालुक्यात इतकं बघितलंय की लिहायला संकोच वाटत नाही. दुसऱ्याच्या नंबरवर बिल करणं हा कायद्यात दंडाचा गुन्हा आहे. दंड १०,००० रुपये किंवा जेवढा कर बुडाला तेवढी रक्कम, यातलं जे जास्त असेल ते. नोंदणी लागत असताना न करणाऱ्यालाही तसंच. आणि दंड बाजूला ठेवा, विक्री मेव्हण्याच्या नावावर, पैसे मेव्हण्याच्या खात्यात, उद्या इन्कम टॅक्सचा प्रश्न मेव्हण्याला. नाती अशानं तुटलेली बघितलीत मी.

तिसरा: "मी अ‍ॅपवर नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर विकते. मला काही लागत नाही."

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात पार्सलं जात असतील आणि उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर खरंच लागत नाही. पण तुमचं एक पार्सल बेळगावला, एक म्हापशाला गेलं की कलम २४ ची दुसरी ओळ लागू होते. ठराविक हस्तकलेच्या वस्तूंना यात सवलत आहे. चटणीला नाही.

चौथा: "कंपनीनं फोन केला, माल आमच्या गोदामात ठेवा, लवकर पोहोचेल."

ठेवा, पण कुठलं गोदाम ते आधी विचारा. भिवंडीचं असेल तर तुमच्या नोंदणीत जादा जागा म्हणून ते नोंदवायचं. बेंगळुरूचं असेल तर कर्नाटकात वेगळी नोंदणी, वेगळी रिटर्नं. आणि इथून तिथं स्वतःचाच माल पाठवला तरी तो कायद्याच्या नजरेत पुरवठा, त्यावर कर. फोन करणारा पोरगा हे सांगत नाही. त्याचा दोष नाही, त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

इथवर जबाबदारी आपली. आता सरकारची बाजू.

मी मघाशी ऑक्टोबर २०२३ चा बदल म्हणालो, तो काय ते सांगतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेच्या आतल्या लहान विक्रेत्याला नोंदणी न करता ऑनलाइन माल विकता येतो. पॅन पाहिजे, पोर्टलवर जाऊन पत्त्यासकट नोंद करून एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा, बस. रिटर्न नाही, टीसीएस नाही. चांगला बदल होता, मी टाळ्या वाजवल्या. कंपोझिशनवाल्यांनाही त्याच दिवसापासून ऑनलाइनचं दार उघडलं. पण दोन्हीला एकच अट, माल राज्याबाहेर जाता कामा नये.

आता नकाशा काढा. गडहिंग्लजहून संकेश्वर अर्ध्या तासावर. आमच्या लेकी तिथं दिल्यात, तिथल्या सुना इथं आल्यात. बेळगाव आम्हाला कोल्हापूरइतकंच ओळखीचं. तिकडं सावंतवाडी-बांद्यातल्या माणसाला म्हापसा जवळ, पुणे लांब. सोलापूरच्या अक्कलकोटचं, लातूरच्या उदगीरचं, नांदेडच्या देगलूरचं, चंद्रपूरच्या राजुऱ्याचं तेच. वहिनींना नोंदणी न करता गडचिरोलीला चटणी पाठवता येते, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. संकेश्वरला पाठवता येत नाही. तीच संकेश्वरची बाई बाजाराला गडहिंग्लजला आली आणि वहिनींच्या दारातून रोखीनं चटणी घेऊन गेली तर काही अडत नाही. तीच चटणी तिच्या दारात पोचवली तर पहिल्या पाकिटापासून नोंदणी.

मी हे वहिनींना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "संकेश्वर परराज्यात हाय व्हय? मिरची तर तिथलीच हाय की."

नियमामागं कारण नाही असं मी म्हणत नाही. जीएसटी हा जिथं माल खपतो तिथल्या राज्याला मिळणारा कर आहे. चटणी बेळगावात खाल्ली तर राज्याच्या वाट्याचा कर कर्नाटकचा. विक्रेता नोंदणीतच नसेल तर कर्नाटकाला काय मिळणार? म्हणून हद्द ओलांडली की नोंदणी, असा तो विचार. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा राज्यांना ही धास्ती वाटणं समजण्यासारखं होतं.

पण या युक्तिवादाला तीन भोकं आहेत.

एक. नोंदणी नसलेला विक्रेता राज्यातल्या राज्यात विकतो तेव्हाही कर मिळत नाही. तो आपण मुद्दाम सोडून दिलाय, कारण लहान माणसाकडून एवढासा कर गोळा करण्यापेक्षा त्याला मोकळं सोडणं परवडतं. मग हद्दीच्या पलीकडं हेच शहाणपण का संपतं? ४० लाखांच्या आतला दुकानदार लहान, आणि वर्षाला तीन-चार लाखांची चटणी विकणारी बाई मोठी, असं होतं ते.

दोन. सेवांना ही सवलत केव्हाच मिळालीय. आमच्या गावातला एक पोरगा घरी बसून बेंगळुरूच्या गिऱ्हाइकांना लोगो आणि जाहिराती करून देतो. त्याचं काम दुसऱ्या राज्यात जातं. त्याला वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. आंतरराज्य सेवांना ही सूट ऑक्टोबर २०१७ मध्ये दिली आणि ऑनलाइन मंचावरून सेवा देणाऱ्यांना नोव्हेंबर २०१७ मध्ये. (टॅक्सी, खोल्या यांसारख्या ज्या सेवांचा कर मंचच भरतो, त्यांचे नियम वेगळे.) म्हणजे कायदा लागू होऊन पाच महिने व्हायच्या आत सरकारला कळलं की हे लहान माणसाला झेपणारं नाही. लॅपटॉपवाल्या पोराला जे पाच महिन्यांत मिळालं, ते डंकावर मिरची कुटणाऱ्या बाईला आठ वर्षांनीही नाही. मी त्या पोराच्या विरोधात नाही. त्याला मिळालं ते योग्यच. वहिनींनाही द्या एवढंच.

तीन. चोरीची भीती. अहो, ऑनलाइन विक्रीइतकी उघड विक्री दुसरी कुठलीच नाही! प्रत्येक पार्सलचा पत्ता, रक्कम, तारीख कंपनीकडं. कंपनी दर महिन्याला जीएसटीआर-८ मध्ये प्रत्येक विक्रेत्याची विक्री सरकारला कळवते. नोंदणी नसलेल्यांचीसुद्धा. ज्याची विक्री सरकारला घरबसल्या दिसते त्यालाच नोंदणीची सक्ती, आणि जो रोखीनं विकतो, बिल देत नाही, त्याला मुभा. हे उलटं आहे.

मग करायचं काय? फुकटात सोडा असं मी म्हणत नाही. माझ्या मते दोन रस्ते आहेत आणि दोन्ही आपल्याच कायद्यात आधीपासून आहेत.

पहिला सरळ रस्ता. सेवांना दिली तशी सूट मालाला द्या. ऑनलाइन मंचावरून विकणाऱ्याला मर्यादेच्या आत राज्याच्या हद्दीची अट काढा. मर्यादा ४० ऐवजी २० लाख ठेवा हवी तर, वाद नाही.

दुसरा रस्ता, राज्यांना त्यांचा कर पाहिजेच असेल तर. लहान विक्रेत्याच्या वतीनं कंपनीलाच कर गोळा करून भरायला सांगा. हे नवं नाही. १ जानेवारी २०२२ पासून जेवण मागवायच्या अ‍ॅपवर हेच चालतं. तुम्ही अ‍ॅपवरून मिसळ मागवलीत तर त्यावरचा जीएसटी हॉटेलवाला नाही, अ‍ॅप चालवणारी कंपनी भरते. टॅक्सीचं तर त्याच्याही आधीपासून. मिसळीचा कर कंपनीला भरता येतो, तर मिसळीच्या चटणीचा का नाही?

जगातही हे झालंय. अमेरिकेत राज्याराज्याचा सेल्स टॅक्स वेगळा, आपल्या जुन्या व्हॅटसारखा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०१८ मध्ये 'साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर' या खटल्यात निकाल दिला, की राज्यात दुकान नसलेल्या बाहेरच्या विक्रेत्याकडूनही राज्य कर मागू शकतं. पण साउथ डकोटाच्या त्या कायद्यातच खालची मर्यादा होती, वर्षाला १ लाख डॉलरची विक्री किंवा २०० व्यवहार. त्याच्या आतल्याला हात नाही. आणि निकालानंतर सेल्स टॅक्स असलेल्या राज्यांनी कायदे करून मंचावरच्या विक्रीचा कर गोळा करायची जबाबदारी मंच चालवणाऱ्या कंपन्यांवरच टाकली. तिथले सगळे प्रश्न सुटलेत असं नाही. पण पहिल्या डॉलरला पकडायचं नाही आणि हिशोब ज्याच्याकडं आहे त्यानंच कर भरायचा, एवढी अक्कल तिथं वापरली गेली.

याला एक आक्षेप आहे, तोही मांडतो. कंपनीनं कर भरला तर विक्रेत्याला कमिशनवरचे १,४४० वजा मिळणार नाहीत. खरंय. म्हणून सक्ती नको, निवड द्या. ज्याला हिशोब झेपतो तो नोंदणी करेल आणि वजावट घेईल. ज्याला नाही झेपत तो थोडा जास्त कर सोसेल आणि रात्री झोपेल. वहिनींसारख्यांना माझी फी महिन्याला ५०० धरली तरी वर्षाला ६,००० होते. वरच्या हिशोबात वर्षभराचा हातानं भरायचा कर ४,३२० येतो. करापेक्षा कर भरून देणाऱ्याची फी जास्त! हे लिहिताना मी माझ्याच पोटावर पाय देतोय, पण जे आहे ते आहे.

काही हालचाल होतेय हेही सांगायला हवं. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेची ५६ वी बैठक झाली. दर कमी झाले ते सगळ्यांना कळलं, कारण टीव्हीच्या जाहिराती आल्या. त्याच बैठकीत अनेक राज्यांत ऑनलाइन विकणाऱ्या लहान विक्रेत्यांसाठी सोप्या नोंदणीच्या कल्पनेला तत्त्वतः मान्यता दिली गेली. प्रत्येक राज्यात स्वतःची जागा दाखवायची जी अडचण आहे तिच्यासाठी. तपशील नंतर परिषदेपुढं येणार असं ठरलं. शिवाय १ नोव्हेंबरपासून लहान करदात्यांना आधार पडताळणीनंतर तीन कामाच्या दिवसांत नोंदणी मिळायची सोय सुरू झालीय.

दोन्ही चांगल्या गोष्टी. पण नीट बघा, दोन्हींत सोपं काय होतंय? आत जायचं दार. वहिनींना दार अवघड नव्हतंच, आठवड्यात नंबर मिळाला होता. अवघड होतं ते आत गेल्यावर दर महिन्याला हजेरी लावणं. 'तत्त्वतः' या शब्दाचा आपल्याला अनुभव आहे. तपशील ठरताना राज्याच्या हद्दीची अट आणि शून्य रिटर्नचं विलंब शुल्क हे दोन मुद्दे टेबलावर आले नाहीत, तर ही सोपी नोंदणी म्हणजे त्याच कोंडवाड्याला रंगवलेलं फाटक.

परिषदेत राज्याचे अर्थमंत्री बसतात. आपलाही माणूस तिथं असतो. म्हणून माझ्या मागण्या इथं मराठीत लिहितो.

१. मंचावरून माल विकणाऱ्या लहान विक्रेत्याला राज्याच्या हद्दीची अट नको. नाहीतर त्याचा कर कंपनीनं भरायचा पर्याय द्या.

२. कंपनीच्या जीएसटीआर-८ मध्ये विक्री शून्य आहे आणि विक्रेत्याची दुसरी विक्री नाही, तर त्याचं शून्य रिटर्न आपोआप भरलं गेल्याचं धरा. निदान त्यावर विलंब शुल्क तरी लावू नका.

३. कंपन्यांनी विक्रेता जोडताना कराची जबाबदारी एका पानावर, मराठीत सांगायची. गिऱ्हाइकाला मराठीत माल विकता येतो, मग विक्रेत्याला मराठीत नियम का सांगता येत नाहीत?

४. बचत गटांना जिथं जिथं ऑनलाइन विक्रीचं प्रशिक्षण दिलं जातं, तिथं फोटो कसा काढायचा याच्याबरोबर एक तास कराला द्या.

आणि हे होईपर्यंत ऑनलाइन विकणाऱ्यांनी काय करायचं, तेही थोडक्यात:

फक्त महाराष्ट्रातच विकणार असाल आणि उलाढाल लहान असेल, तर आधी नावनोंदणी क्रमांकाचा पर्याय तपासा. कंपनी तो घेते का ते विचारा. उगाच नोंदणी करून बसू नका.

निव्वळ करमाफ माल विकत असाल, उदाहरणार्थ फक्त पापड, तर नोंदणीची सक्ती नाही. पापडाबरोबर चटणी ठेवली की गणित बदलतं.

नोंदणी केलीच असेल तर ई-मेल आणि मोबाईल स्वतःचा द्या. मुलाचा नको, माझ्यासारख्या अकाउंटंटचा तर अजिबात नको.

महिना संपला की कंपनीचा विक्री अहवाल उतरवून घ्या. बँकेत आलेली रक्कम म्हणजे विक्री नव्हे. ती कमिशन आणि टीसीएस कापून आलेली असते. विक्री अहवालातली धरा, परत आलेला माल वजा करा.

टीसीएसची रक्कम पोर्टलवर स्वीकारा.

विक्री नसेल तर शून्य रिटर्न भरा. जीएसटीआर-३बी चं शून्य रिटर्न १४४०९ वर एसएमएस करूनही भरता येतं, त्यासाठी अकाउंटंट लागत नाही. पाच कोटींच्या आत असाल तर तिमाही रिटर्नची सोय आहे, ती घ्या.

धंदा थांबवणार असाल तर नोंदणी स्वतःहून रद्द करून घ्या. दार उघडं टाकून गावाला जाऊ नका.

वहिनींचं पुढं काय झालं ते सांगून थांबतो. सासूबाई आता बऱ्या आहेत. रद्द झालेली नोंदणी मुदतीत अर्ज करून परत मिळाली, त्याआधी आठही रिटर्न भरावी लागली. यंदा दिवाळीला त्या पुन्हा अ‍ॅपवर होत्या. परवा आल्या त्या महिन्याचा अहवाल स्वतः उतरवून, कागदावर छापून घेऊन. टीसीएस म्हणजे काय हे त्यांनी शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या साडीवाल्या ताईंना माझ्यादेखत समजावून सांगितलं, माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत. जाताना चटणीची पिशवी टेबलावर ठेवली.

म्हणाल्या, "टॅक्स भरायला माझी कधीच ना न्हाई, भावजी. पर मी मोठी झाल्यावर मोठ्यासारखं भरायला लावा. आत्ता कुठं रांगायलीय."

याहून चांगलं निवेदन परिषदेपुढं कुणी करेल असं मला वाटत नाही. तुमच्या घरात, गल्लीत कुणी ऑनलाइन विकत असेल तर त्यांच्यापर्यंत हे पोचवा. आणि आमदार-खासदारांपैकी कुणी तुमच्या ओळखीचं असेल, तर त्यांनाही.